नीलवर आठ जणांचा स्वयंपाक: काय न्यायचं, काय तिथेच घ्यायचं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आठ जण अंदमानला निघालात, त्यातले पाच दिवस नील बेटावर स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय. बरोबर सासू-सासरे, दोन वर्षांचं बाळ, आणि सासूबाईंची एकादशीही त्यातच येते. किराणा पुण्याहून भरून न्यायचा, पोर्ट ब्लेअरला घ्यायचा, की बेटावर सगळं मिळेल, असं विचारलंयत. मी नाशिकहून छोटे गट अंदमानला नेते आणि गटाचा स्वयंपाकही मीच बघते. बारा वर्षं झाली. नीलच्या जेटीवर उतरून किती वेळा डाळ-भाताचा कुकर लावला त्याची मोजदाद नाही. उत्तर लांबणार आहे.

आधी माझी फजिती. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखीच घाबरले होते. एवढंसं बेट, तिथे काय मिळणार? म्हणून पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारातून भेंडी, काकडी, दुधी, कोबी असं दोन पोती सामान घेतलं, घामाघूम होत बोटीवर चढवलं आणि नीलला उतरवलं. जेटीवरच्या हमालानं पोत्यात डोकावून पाहिलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "दीदी, ये तो कल इधर से ही गया था." नील हे अंदमानचं भाजीचं कोठार आहे. तिथली भाजी बोटीनं पोर्ट ब्लेअरला जाते. मी ती चढ्या भावानं विकत घेऊन, एक दिवस शिळी करून, परत तिच्या गावी आणली होती.

तेव्हापासून मी एकच धोरण ठेवलंय: चव घरून न्यायची, वजन तिथे घ्यायचं. मसाले, आमसुलं, कूट, उपासाचं सामान हे आपल्या बॅगेत. तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे, भाजी, मासळी हे सगळं तिथलं. आणि रोजचा बेत यादीप्रमाणे करायचा नाही, त्या दिवशी बाजारात काय आलंय ते बघून करायचा.

आता जागेची थोडी ओळख, कारण बाजार तिच्यावरच अवलंबून आहे. नीलचं सरकारी नाव 2018 च्या डिसेंबरपासून शहीद द्वीप आहे, शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरचंही 2024 मध्ये श्री विजय पुरम झालं. तिकिटांवर नवी नावं दिसतील, तोंडी मात्र सगळे जुनीच वापरतात. नीलवर वस्ती मुख्यतः बंगाली आहे; पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना तिथे जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यांचीच पुढची पिढी शेती करते. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर अशी रामायणातली. सासूबाई खूश होतील. मुख्य बाजार नील केंद्रला, जेटीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. किराण्याची दुकानं, भाजीवाले, मासळीवाले, औषधांचं दुकान, चहा-पुरीच्या टपऱ्या, सगळं तिथेच. भाषेची अडचण नाही, अंदमानी हिंदी सगळ्यांना येते. भाजीवाल्या बाईंना 'दीदी' किंवा 'बौदी' म्हणा. बौदी म्हणजे वहिनी. दोन दिवसांत ओळख होते आणि मग चांगला दुधी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला जातो.

त्या बेटांवर जे पिकत नाही ते सगळं जहाजानं येतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जहाजाला तीनेक दिवस. तिथून पुन्हा लहान बोटीनं नीलला. कणीक, तूरडाळ, साखर, तेल, चहा, कांदे, बटाटे, गॅसची टाकी हे सगळं असं दोनदा लादून-उतरवून येतं. त्यामुळे कांदा-बटाटा आपल्या दीडपट-दुपटीनं महाग लागला तर दुकानदाराशी वाद घालू नका. मी नाशिकची, तिथल्या ढिगातला लाल कांदा पाहून "हा आमच्याकडूनच आला असणार" असं दर वेळी वाटतं आणि दर वेळी निमूटपणे पैसे देते. पाकीटबंद माल मात्र छापील किमतीलाच मिळायला हवा आणि बाजारात तसा मिळतोही. समुद्रकिनाऱ्यालगतच्या छोट्या दुकानांत जास्त मागतात, तिथे घेऊ नका.

आता तुमच्या बॅगेबद्दल. विमानात प्रत्येकी साधारण पंधरा किलो, त्यात कपडे. तेवढ्यात पाच किलो तांदूळ कोंबण्यात काही अर्थ नाही. मी नेते ते असं: गोडा मसाला, घरचं तिखट, हळद, हिंग, मोहरी-जिरे (मिळतात, पण अख्खं पाकीट घेऊन उरतं), आमसुलं, भाजलेल्या दाण्यांचं कूट, चिंचेचा गोळा, थोडी भाजणी आणि लोणचं. लोणचं नि तिखट चेक-इनच्या बॅगेतच घाला, हातातल्या बॅगेतून काढून टाकायला लावतात. सुक्या खोबऱ्याची वाटी नेऊच नका, ती विमानात चालत नाही. आमच्या गटातल्या एका काकूंच्या बॅगेतून चार वाट्या काढून घेतल्या होत्या. अंदमानात ओला नारळ इतका आहे की सुक्या खोबऱ्याची आठवणही येणार नाही. काडेपेटी आणि लायटर तिथेच घ्या.

एकादशीसाठी साबुदाणा घरूनच. तिकडच्या दुकानात मिळाला तर बारीक दाण्याचा मिळतो. त्याची खीर छान होते, पण खिचडीचा लगदा होतो. वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचं पीठ, शिंगाड्याचं पीठ यांची तिथे आशा ठेवू नका. रताळी मात्र कधीकधी बाजारात दिसतात, केळी तर कायमच. ज्वारीचं पीठ नेणारे लोक मी पाहिलेत. भाड्याच्या घरातल्या पातळ तव्यावर भाकरी करून बघा एकदा, म्हणजे परत नेणार नाही.

बाळाचं जे ठरलेलं आहे, म्हणजे पावडरचं दूध, ठरावीक बिस्किटं, डायपर, औषधं, ते पूर्ण सहलीला पुरेल एवढं घरून न्या. यात काटकसर नको. नीलवर डबाबंद आणि खोक्यातलं दूध मिळतं, पण तुम्हाला हवं तेच मिळेल असं नाही. चहा तिथे सर्रास पावडरच्या दुधाचा असतो. ताजं दूध हवं असेल तर घरमालकांना आदल्या दिवशी सांगा. आसपास कुणाकडे तरी गाय असते.

पोर्ट ब्लेअरला काय घ्यायचं? खरं सांगायचं तर फार काही नाही. कणीक (नीलला कधी ब्रँड संपलेला असतो, कधी फक्त मैदा उरलेला असतो), तूरडाळ, सूर्यफुलाचं तेल, तूप, पोहे नाही. पोहे का नाही, ते पुढे सांगते. सेल्युलर जेल बघायला तुम्ही जाणारच, मराठी माणूस सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परततच नाही. अबर्डीन बाजार तिथून जवळ आहे. दुपारच्या उन्हात जेल आणि संध्याकाळी बाजार असं बसवा. बोटीत सामानाला वजनाची मर्यादा असते, ती तिकिटावर आधीच बघून ठेवा.

आठ जणांना, रोज सकाळचा नाश्ता आणि एक जेवण घरी धरून, पाच दिवसांचा माझा अंदाज असा असतो: कणीक चार किलो (माणशी तीन पोळ्या), तांदूळ अडीच ते तीन किलो, डाळी मिळून दीड किलो, तेल दोन लिटर, कांदे तीन किलो, बटाटे दोन किलो, साखर एक किलो, चहा पाव किलो. दुसरं जेवण बाहेर घ्या. सुट्टीत कुणी एका बाईनं दोन्ही वेळा ओट्याशी उभं राहावं हे मला पटत नाही, मग ती बाई मी का असेना. वरच्यापैकी कणीक, डाळ, तेल पोर्ट ब्लेअरहून. बाकी नील केंद्रला.

आता पोहे. बंगाली किराणा दुकानात 'चिडा' मागा, तेच आपले पोहे. प्रत्येक दुकानात असतात. कुरमुऱ्यांना 'मुडी' म्हणतात. मुडी, कांदा, काकडी, हिरवी मिरची, वरून मोहरीचं तेल: संध्याकाळच्या भेळेची सोय झाली. मसूर आणि मूग भरपूर. शेंगदाण्याचं तेल शोधत बसू नका. दुकानदार मोहरीचं तेल पुढे करील; मासे तळायला ते उत्तम, फोडणीच्या वरणाला मात्र आपल्या जिभेला जरा उग्र लागतं. कढीपत्ता सहज मिळतो, कारण अंदमानात तमिळ आणि तेलुगू वस्तीही मोठी आहे.

कोथिंबिरीची मात्र गंमत आहे. 'धनिया' मागितलंत तर हाती एक लांबट, कडेला दाते असलेलं, जाडसर पान येऊ शकतं. त्याला तिकडे बर्मा धनिया म्हणतात. वास कोथिंबिरीचाच, पण चौपट. मी पहिल्यांदा आपल्या सवयीनं मूठभर चिरून वरणावर घातलं तेव्हा सासरेबुवांच्या वयाच्या एका काकांनी वाटी बाजूला सारली, म्हणाले, "यात साबण पडलाय का?" आठ माणसांच्या आमटीला दोन पानं पुरतात. माशाच्या वाटणात घातलं तर मात्र त्याला तोड नाही.

भाजी रोजची रोज घ्या. डिसेंबरअखेर पाऊस ओसरलेला असतो आणि शेतं भरात यायला लागतात: भेंडी, दुधी (लाऊ), लाल भोपळा, काकडी, कारली, चवळीच्या शेंगा, वांगी, कोबी, शिवाय पालेभाज्या. लाल माठासारखी लाल शाक, मायाळू म्हणजे पुई शाक, अळू. पुई शाकाची डाळ घालून पातळ भाजी करा, सासूबाईंना घरचीच वाटेल. फ्रिजवर विसंबू नका. बेटावरची वीज डिझेलवरच्या जनित्रांची, ती मधूनच जाते.

वेळ सांभाळा. ही बेटं इतक्या पूर्वेला आहेत आणि घड्याळ मात्र भारताचंच. डिसेंबरअखेर पावणेसहाच्या आत सूर्य उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. बाजारही त्याच हिशेबानं चालतो. सकाळी सहा-सात वाजता भाजी सगळ्यात चांगली. दुपारी जेवणानंतर बरीच दुकानं झोपतात, चारच्या पुढे पुन्हा उघडतात. आपल्या सवयीनं अकरा वाजता पिशवी घेऊन निघालात तर पालेभाजीचे देठ मिळतील. माझा नेम असा की पहाटे सूर्योदय बघायला सगळे सीतापूरच्या किनाऱ्यावर जातातच, परतताना मी एकटी नील केंद्रला उतरते.

मासळी हा तिथल्या बाजारातला सगळ्यात आनंदाचा भाग. सुरमई, कुपा म्हणजे ट्युना, कोळंबी, खाडीतले खेकडे. होड्या कधी लागतात ते दिवसागणिक बदलतं, घरमालकांना विचारा. मासळीवाला जमिनीवर बसून, पायाच्या पंजाखाली फळी दाबून, उभ्या पात्यावर दोन्ही हातांनी मासा फिरवत कापतो. हत्यार बघून तुम्ही चमकाल: आपली विळीच! ते तिला बोंटी म्हणतात. माझ्या आजीनं पंधरा मिनिटं घेतली असती त्या दोन किलोच्या सुरमईच्या त्यानं दोन-तीन मिनिटांत तुकड्या पाडल्या. मग डोकं हातात धरून विचारलं, "मुडो लेगा?" मी नको म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पुरणपोळीवरचं तूप नाकारणाऱ्याकडे पाहतो. दुसऱ्या वर्षी घेतलं, बौदींकडून डोक्याची डाळ करायला शिकले. तुकड्या किती जाड हव्यात ते आधी सांगा, नाहीतर कालवणाच्या जाड तुकड्या होतील आणि तळताना आतून कच्च्या राहतील. ताजेपणाची परीक्षा नेहमीचीच: कल्ले लाल, डोळा स्वच्छ, बोट दाबलं की खळगा राहता कामा नये. (उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी: 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा निवड कमी.)

आणि एवढे नारळ हाताशी असताना सोलकढी नाही केलीत तर आमसुलं नेली कशाला? ओल्या नारळाचं दूध मिक्सर नसला तरी निघतं, खवून कोमट पाण्यात कुस्करायचं आणि पंचातून पिळायचं. विळी नसेल तर खवणीचं काय, ते घरमालकिणीला विचारा. बंगाली घरात खवणी असतेच.

यावरून आठवलं. 'स्वयंपाकघर आहे' या शब्दांवर भरवसा ठेवू नका. पैसे पूर्ण भरण्याआधी फोटो मागवा आणि नेमकं विचारा: शेगडी किती बर्नरची, टाकी भरलेली आहे का, कुकर किती लिटरचा, पोळपाट-लाटणं आहे का. बंगाली घरात भाताचं पातेलं मोठं असतं, पोळीचा सरंजाम नसतो. मी लाटणं बॅगेत नेते, पोळपाटाऐवजी पालथं ताट चालतं. आठ जणांच्या पोळ्या एका बर्नरवर करायच्या असतील तर त्या दिवशी भातच करा. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे जार घरपोच मिळतात, पहिल्याच दिवशी दोन सांगून ठेवा.

पैसे रोख न्या. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल 10 ऑगस्ट 2020 रोजी सुरू झाली, ती हॅवलॉकपर्यंत पोचली, आणि नेटवर्क पूर्वीपेक्षा खूप सुधारलं. तरी भाजीवालीपुढे फोन हलवत उभं राहायची वेळ अजून येते, आणि एटीएमचा भरवसा नाही. दहा-वीस-पन्नासच्या नोटा पोर्ट ब्लेअरलाच जमवा. कापडी पिशव्या चार तरी. भाजी धुऊन व्हरांड्यात पसरून ठेवू नका; आमची खोबऱ्याची करवंटी रात्री एका शंखातल्या खेकड्यानं अंगणापर्यंत ओढत नेली होती आणि सकाळी पोरं त्याच्याभोवती फेर धरून बसली होती.

आता गंभीर गोष्ट. बोट बंद पडली तर? डिसेंबरअखेर हवा बहुधा चांगली असते, पण समुद्र आपल्या तिकिटाला बांधील नाही. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते. नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. मी स्वतः एकदा दोन दिवस अडकले. तेव्हा पाहिलं की दुकानातून आधी पाव, अंडी आणि दुधाची खोकी जातात, मग टोमॅटो-बटाटे. तांदूळ, मसूर, लाल भोपळा आणि कच्ची केळी शेवटपर्यंत असतात. म्हणून पहिल्या दिवशीच एका वेळच्या खिचडीचा शिधा वेगळा बांधून ठेवा: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या मूगडाळ, चार कांदे, थोडं तूप, पापड. त्याला शेवटच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

यापलीकडे साठा करू नका. हे मी जरा कडकपणे सांगते, कारण आमच्याच एका गटातल्या गृहस्थांनी वादळाची नुसती बातमी ऐकून दुकानातली दुधाची सगळी खोकी उचलली होती. हवा दुसऱ्या दिवशी निवळली. त्यांच्याकडे अठरा खोकी उरली आणि शेजारच्या घरातली लहान मुलगी दोन दिवस कोरा चहा पीत होती. नीलवर माणसं सारी तीन हजारांच्या घरातली, फळीवर माल तेवढ्याच हिशेबानं असतो.

हॅवलॉकला रात्र काढणार असाल तर तिथला बाजार तीन नंबरला, म्हणजे गोविंद नगरला. नीलपेक्षा मोठा, दुकानं जास्त, पावापासून पास्त्यापर्यंत सगळं. भाव थोडे चढे.

निघायच्या दिवशी उरलेली कणीक, तेल, साखर परत आणू नका, घरमालकिणीला द्या. प्लॅस्टिकची रिकामी पाकिटं मात्र आपल्याबरोबर परत न्या, तिथे त्यांची विल्हेवाट लावणं कठीण. मी एका वर्षी आमच्या बौदींना गोड्या मसाल्याची अर्धी पुडी देऊन आले होते. पुढच्या डिसेंबरात जेटीवर उतरले तर त्यांनी पहिलं विचारलं, "दीदी, वो काला वाला मसाला लाया?" माशाच्या रश्शात घालतात म्हणे. मी काही बोलले नाही. आता दर वर्षी त्यांच्यासाठी पाव किलोची वेगळी पुडी नेते.